सिद्धलिंगची दहा मिनिटं

सिद्धलिंग धुळशेट्टे माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. ब्याऐंशीच्या ऑगस्टात लातूर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा पाच तालुक्यांचे नकाशे उस्मानाबादहून जीपमध्ये भरून आले. ते नव्यानं उतरवून काढायला आमच्या भूमी अभिलेखच्या कचेरीला ट्रेसर पाहिजे होते. सिद्धलिंग तेव्हा नांदेडला होता, पण मूळचा जळकोटचा. जळकोट त्या काळी तालुका नव्हतं, उदगीर तालुक्यातलं एक मोठं गाव होतं. घर जवळ येतंय म्हणून त्यानं बदली मागून घेतली. बायको शिवगंगा नांदेडच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती, तिला बदली मिळाली नाही. मग शनिवारी दुपारी हा एसटीनं नांदेडला जायचा आणि सोमवारी सकाळी न झोपलेल्या डोळ्यांनी कचेरीत यायचा.

माणूस उंचापुरा, कपाळावर विभूतीची तीन बोटं. हात अगदी स्थिर. शिवेची रेघ ओढताना श्वास धरून बसायचा आणि रेघ संपली की मग सोडायचा. साहेब एकदा माझ्या टायपिंगला चांगलं म्हणाले, तर त्या दुपारी तो माझ्याजवळ जेवायला बसला नाही. संध्याकाळी आपणहून आला आणि म्हणाला, "शेषेराव, माझं मन लई वंगाळ हाय. दुसऱ्याचं चांगलं झालं की बघवत न्हाई मला." असं तोंडावर कबूल करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. म्हणूनच त्याच्याशी माझी दोस्ती टिकली.

बायकोच्या बाबतीत तर विचारू नका. नांदेडला गेला की तिची ड्युटी संपेपर्यंत तो वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसून राहायचा. कोणता डॉक्टर 'सिस्टर' म्हणतो आणि कोणता 'शिवगंगा' म्हणतो, याच्याकडे कान. त्यांना मूलबाळ नव्हतं. तो बी.ए. झालेला, ती दहावी आणि नर्सिंग. इंग्रजी त्यानंच तिला शिकवलं होतं, आणि हे तो सगळ्यांना सांगायचा.

त्र्याऐंशीला कॅनडातलं एक शीख कुटुंब गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला नांदेडला आलं. त्यातले म्हातारे गुरदितसिंग, त्यांना सगळे बाबाजी म्हणत, इथंच अर्धांगवायूनं पडले. दोन महिने ते शिवगंगेच्या वॉर्डात होते. उजवा हात गेलेला. तिनं त्यांना डाव्या हातानं चमचा धरायला शिकवलं. तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून ते खाईनात. त्यांचा मुलगा कुलवंत टोरंटोजवळ ट्रकचा धंदा करायचा, त्याची बायको वारलेली होती. जाताना त्यानं विचारलं, सिस्टर कॅनडाला येतील का. तिथं तसा कायदा होता: घरात राहून आजाऱ्याची देखभाल करणाऱ्या बाईला परवाना मिळायचा, दोन वर्षं पुरी केली की कायम राहायला अर्ज करता यायचा, आणि मग नवऱ्यालाही बोलावता यायचं.

शिवगंगेनं ठरवायचं काम सिद्धलिंगवर सोडलं. त्यानं तीन दिवस विचार केला. कॅनडाला जायचं त्याच्याही मनात होतंच, किंबहुना त्याच्याच मनात जास्त होतं. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "जा तू. दोन वर्षं म्हणजे काय, दोन पंचम्या." संमतीपत्रावर सही केली, कचेरीत पेढे वाटले. चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीत ती गेली.

पहिली पाच-सहा पत्रं त्यानं मला वाचून दाखवली. निळी, घडीची, विमानाची पत्रं. बर्फ किती पडला, बाबाजी आता कुबडीनं चार पावलं टाकतात, भाजीत मीठ कमी खातात. सातव्या पत्रात एक वाक्य होतं: 'बाबाजी मला गंगा म्हणतात.' ते त्यानं दोनदा वाचलं आणि पत्र घडी करून ठेवलं.

"मग काय झालं?" मी विचारलं.

"गंगा मी म्हनतो तिला. घरात. दुसऱ्या कुनाला म्हाईत बी न्हाई ते नाव."

"अरे, ऐंशीला टेकलेला म्हातारा. अर्धं अंग गेलेलं."

"म्हाताऱ्याचं मी कुठं बोलून राहिलो? म्हातारा म्हनला म्हंजे घरात सगळेच म्हनत असतील."

मग फोटो आला. शिवगंगा बर्फात उभी, लाल कोट घातलेली, हसणारी. इथं ती पदर सावरून, ओठ मिटून हसायची. त्या फोटोत दात दिसत होते. बर्फावर, तिच्या पायापर्यंत, फोटो काढणाऱ्याची लांब सावली पडलेली होती, डोक्यावर पगडी. सिद्धलिंगनं फोटो टेबलावर ठेवला, मग खाली दिवा असलेल्या, नकाशे उतरवायच्या काचेवर घेतला, नकाशाची पट्टी काढली आणि मोजायला लागला. सावली इतकी, ती इतकी, म्हणजे तो माणूस सव्वासहा फूट उंच आणि तिच्यापासून फार तर सहा पावलांवर.

"तिकडं सूर्य खाली असतो हिवाळ्यात," मी म्हणालो. "सावल्या लांबच पडतात."

त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "सहा पावलं," तो म्हणाला. "आन ती त्याच्याकडं बघून हसून राहिली."

दोन वर्षं त्यानं अशीच काढली. तिच्या पत्रातलं इंग्रजी सुधारत गेलं तसा तो जास्त बिघडत गेला. पूर्वी तिच्या चुका लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवायचा. एकदा तिनं एक शब्द असा वापरला जो त्यालाच माहीत नव्हता. त्यानं शब्दकोशात पाहिला. शब्द बरोबर होता. त्या दिवसापासून तो तिला मराठीत पत्रं लिहायला लागला. तिनं काही विचारलं नाही, तीही मराठीत लिहायला लागली.

शहाऐंशीच्या फेब्रुवारीत तिची दोन वर्षं भरली. तिनं कायमचे कागद भरले, त्यात नवरा म्हणून याचंही नाव घातलं. उत्तर आलं की वेळ लागेल, वर्ष, कदाचित दोन. आमच्याकडं त्या वर्षीही पावसानं दगा दिला होता. सलग दुसरं वर्ष. मूग-उडीद जागेवर वाळले, दसऱ्यालाच विहिरींचे तळ दिसायला लागले. सिद्धलिंगचं मात्र त्या सगळ्याकडं लक्ष नव्हतं. तो माझ्याकडं कोरा फॉर्म घेऊन आला.

"टाइप करून दे. पाहुणा म्हनून जातो. तीन आठवडे."

कुलवंतचं बोलावण्याचं पत्र त्यानं मागवून घेतलं होतं. ज्याच्या सावलीची मापं काढली त्याचंच पत्र. फॉर्मवर विचारलं होतं, कुणाकडं जाताय. त्यानं सांगितलं, 'मित्र.' विचारलं होतं, बायको कुठं असते.

"लिही, जळकोट. घरकाम."

"खोटं आहे हे."

"बायको तिथंच हाय म्हनलं तर सोडणार न्हाईत मला. कायमचा राहायला आला म्हनतील. टाइप कर."

मी टाइप केलं. ही माझी चूक मी आजही मोजतो. तिचे कागद तिकडं भरलेले, याचा फॉर्म दिल्लीच्या वकिलातीत गेला; दोन्हींची गाठ पडली नाही आणि पाहुण्याचा व्हिसा मिळाला. खोटं लिहिलंय हे शिवगंगेला त्यानं कळवलं नाही. नोव्हेंबरात कचेरीनं त्याला शाल-श्रीफळ दिलं. दोन महिन्यांची रजा मंजूर झाली. साहेब भाषणात म्हणाले की लातूरच्या ट्रेसरनं टोरंटोत जिल्ह्याचं नाव काढावं. सिद्धलिंग लाजला, खरंच लाजला. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता.

तो निघाला त्याच्या सातव्या दिवशी भरदुपारी मुंबईहून आलेल्या एसटीतून तो लातूरच्या स्टँडवर उतरला. मी माझ्या मेहुण्याला पोचवायला गेलो होतो, म्हणून दिसला. अंगावर गरम कोट, हातात एकच बॅग. मला पाहून त्यानं मान खाली घातली आणि बाकड्यावर बसला.

"नाही सोडलं?" मी विचारलं.

"न्हाई."

खोलीवर नेऊन त्याला चहा दिला. त्यानं जे सांगितलं ते असं.

टोरंटोच्या विमानतळावर खिडकीमागच्या बाईनं गोडीनं विचारलं, किती दिवस राहणार. तो म्हणाला, तीन आठवडे. तिनं बॅग उघडायला सांगितली. बॅगेत काय नव्हतं? बी.ए.चं प्रमाणपत्र, नोकरीच्या अनुभवाचा दाखला, जन्माचा दाखला, सगळे मूळ कागद. तीन आठवडे फिरायला आलेल्याला हे कशाला, असं तिनं विचारलं. मग खाली लग्नाचा फोटो सापडला, आणि शिवगंगेचं पत्र. पत्र मराठीत, म्हणून त्यांनी दुभाषी बोलावली, कुणी गुजराती बाई होती, तिला मराठी यायचं. तिनं वाचून दाखवलं: 'एकदा आलात की मग परत जायचं नाव काढायचं नाही.' तिनं हे हसून लिहिलं होतं, मायेनं लिहिलं होतं. तिथल्या टेबलावर ते पुरावा झालं.

बाहेर न्यायला आलेल्यांना आत बोलावलं. शिवगंगेला वेगळ्या खोलीत विचारलं, हा कोण. तिनं सरळ सांगितलं, माझा नवरा, आणि त्याचे कागद मीच भरलेत. ती खोटं बोलूच शकली नसती, आणि फॉर्मवर काय लिहिलंय हे तिला माहीतही नव्हतं.

अधिकारी बाई वाईट नव्हती. ती म्हणाली, तुमचा कायमचा अर्ज चालू आहे, तो होईपर्यंत तुम्हाला पाहुणा म्हणून मी सोडू शकत नाही, आणि फॉर्मवर तुम्ही खरं लिहिलेलं नाही. परतीचं विमान चार तासांनी होतं. बायकोला भेटायला दहा मिनिटं दिली.

"दहा मिनिटं," सिद्धलिंग मला म्हणाला. "पावणेतीन वर्षांनी."

एक टेबल, दोन खुर्च्या, काचेचा दरवाजा. ती आत आली. तोच लाल कोट. हातात डबा होता, ज्वारीच्या पिठाचे धपाटे आणि जवसाची चटणी. तिकडं ज्वारीचं पीठ कुठून पैदा केलं होतं कोण जाणे. ती बसली, डोळे भरलेले. आणि काचेच्या पलीकडं कुलवंत उभा होता. पगडी, दाढी नीट राखलेली, रुंद खांदे. त्याच्या एका हातात तिची पर्स आणि दुसऱ्या हातात तिचे हातमोजे.

सिद्धलिंगनं तोंड उघडलं आणि पहिलं वाक्य हे बोलला: "ह्यो कोट कुनी घेतला?"

तिला आधी कळलंच नाही. "काय म्हनलात?"

"कोट. कुनी घेतला?"

"बाबाजींनी पैसे दिले. दुकानात कुलवंतजी घेऊन गेले होते."

"रंग कुनी पसंत केला?"

तिनं डबा टेबलावर ठेवला.

"तुझी पर्स त्याच्या हातात कामून हाय?"

"आत न्यायला मनाई हाय म्हनून."

"आन हातमोजे?"

"बाहेर थंडी हाय," ती म्हणाली. "लई थंडी हाय बाहेर."

घड्याळात अजून पाच मिनिटं होती, ती तशीच गेली. मग एक माणूस आला आणि तिला उठवून घेऊन गेला. डबा टेबलावरच राहिला.

हे सांगून झाल्यावर सिद्धलिंग भिंतीकडं तोंड करून बसला. मी म्हणालो, "तिला आजच पत्र लिही. चुकलो म्हण."

"मी गेल्यावर ती त्याच्याच गाडीत बसून घरी गेली असंल," तो म्हणाला. "रस्त्यात रडली असंल तर त्यानंच समजूत घातली असंल."

त्याचं मन तिथंच अडकलं होतं. अधिकाऱ्यांनी परत पाठवलं याचा राग त्याला फारसा नव्हताच. आपल्या पाठीमागं त्या गाडीत काय झालं असेल, हेच तो रोज नव्यानं रचत बसायचा. आज त्यानं तिला रुमाल दिला, उद्या त्यानं गाडीचं दार उघडून दिलं.

रजा बाकी होती, तरी पंधरा दिवसांत तो कामावर आला. लोकांनी काय बोलायचं ते बोलून घेतलं. कुणी 'कॅनडा रिटर्न' म्हणालं, कुणी म्हणालं बायकोनंच घेतलं नाही वाटतं. त्यानं ऐकून घेतलं. सत्त्याऐंशीचा उन्हाळा आला तेव्हा कलेक्टर कचेरीनं टंचाईच्या कामाला सगळ्या कचेऱ्यांतून माणसं मागितली. सिद्धलिंगनं आपणहून नाव दिलं. अहमदपूरच्या पुढं, कंधारच्या हद्दीला लागून असलेल्या वाड्यांना टँकर जायचे, त्यांच्या खेपांवर सह्या घ्यायच्या. त्या वाड्यांच्या शिवा त्यानंच नकाशावर ओढलेल्या होत्या. आता तिथं धूळ खात तो घागरींच्या रांगा लावत होता. एकदा मी त्याच्याबरोबर गेलो होतो. धोंडाबाई नावाची एक म्हातारी, घागर भरून झाली तरी तिथंच उभी राहिली.

"तुमीच का ते कॅनडावाले?"

"हाव."

"मंडळी तिकडंच हाय म्हनं."

"हाव."

"कुनाच्या घरी राहाती?"

तिनं भाबडेपणानं विचारलं होतं. बाई परगावी असली की कुणाच्या घरी, हे विचारायचंच असतं. सिद्धलिंगनं वही मिटली आणि जीपमध्ये जाऊन बसला. बाकीच्या सह्या मी घेतल्या.

त्याच मे महिन्यात दिल्लीहून कचेरीच्या पत्त्यावर एक रजिस्टर पत्र आलं. त्यानं सही करून घेतलं. मी विचारलं, कसलं. तो म्हणाला, विमावाल्यांचं. शिवगंगेची पत्रं येत होती, दर पंधरा दिवसांनी, आधी मोठी, मग लहान. तो उत्तर देत नव्हता, एवढं मला कळत होतं. त्याहून जास्त मी विचारलं नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत शिवगंगेची तार आली. बाबाजी वारले. त्यांची शेवटची इच्छा म्हणून नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात ग्रंथसाहिबाचा पाठ ठेवायचा होता, कुलवंत येणार होता आणि शिवगंगाही. 'अमुक तारखेला नांदेडला या,' एवढंच पुढं होतं. सिद्धलिंग म्हणाला, "तू चल संगं. एकटा गेलो तर मी काही तरी करून बसंन."

नांदेडला पाठ झाला, लंगरमध्ये जेवण झालं. यात्रेकरूंच्या निवासाच्या अंगणात, लिंबाखाली, चार खुर्च्या टाकल्या होत्या. कुलवंत समोरून आला आणि त्यानं सिद्धलिंगचे दोन्ही हात धरले. माणूस देखणा होता, खोटं कशाला बोलू. पन्नाशीचा, दाढीत पांढरी झाक, आवाज मऊ.

"भाईसाहब, बाबाजी आख़िर तक आपके घर का अहसान मानते रहे," तो म्हणाला.

सिद्धलिंगनं हात सोडवून घेतले. कुलवंतनं ते ओळखलं. चहा सांगतो म्हणून तो गेला तो परत आलाच नाही, चहा दुसऱ्याच माणसानं आणून दिला.

शिवगंगा पांढऱ्या सुती साडीत होती. बारीक झाली होती. मी उठायला लागलो तशी ती म्हणाली, "बसा भाऊजी. तुमच्यासमोरच बोलते. ह्यांना एकट्यात माझं ऐकू येत न्हाई."

मी बसलो.

"विचारा," ती नवऱ्याला म्हणाली. "चौदा महिने झाले. जे विचारायचं ते विचारा."

सिद्धलिंगनं कुलवंत गेला त्या दिशेला पाहिलं. "त्याच्या मनात काय हाय?"

"होतं," ती म्हणाली. "तुमी परत गेलात त्याच्यापुढच्या उन्हाळ्यात त्यांनी मला लग्नाचं विचारलं. नीट, समोर बसवून. म्हनले, तुमचा नवरा पत्राला उत्तर देत न्हाई, त्यांनी तुम्हाला टाकलं असंल तर सांगा. मी म्हनलं, न्हाई. त्याच्यानंतर त्यांनी एक शब्द काढला न्हाई. मी खोली बदलून म्हाताऱ्याच्या खोलीत झोपायला लागले. सोडून जाता येत नव्हतं. माझ्याशिवाय ते खात नव्हते."

सिद्धलिंगचा चेहरा असा झाला की मला वाटलं तो उठून कुलवंतला शोधायला जाईल. मी त्याच्या दंडावर हात ठेवला. पण तो उठला नाही. पावणेचार वर्षं ज्याची भीती बाळगली ते खरं निघालं होतं, आणि त्यावर तिचं उत्तरही त्याच वाक्यात येऊन गेलं होतं. राग करायला जागा उरली नव्हती.

"मला लिहिलं न्हाईस तू."

"लिहिलं असतं तर तुमी काय केलं असतं?" ती म्हणाली. "त्या दिवशी दहा मिनिटं दिली होती त्या लोकांनी. मी येताना गाडीत ठरवत होते, आधी काय सांगायचं. तुमी कोटाचं विचारलंत."

त्यानं हातातला चहा खाली ठेवला.

"आन दुसरं ऐका. मी सोडून गेले, सोडून गेले म्हनता मनात. ब्याऐंशीला नांदेड सोडून आदी कोन गेलं? नवा जिल्हा झाला म्हनून? मी इथंच होते, ह्याच दवाखान्यात."

हे मात्र त्याला लागलं. त्यानं मान वर केली आणि दवाखान्याच्या दिशेला पाहिलं. मग ती कॅनडाच्या कागदांकडं वळली. तुमच्या मुलाखतीचं काय झालं, दिल्लीहून बोलावणं कधीच यायला पाहिजे होतं, मी दोनदा चौकशी केली, ते म्हणतात पाठवलंय.

सिद्धलिंगनं माझ्याकडं पाहिलं. मला तेव्हा विमावाल्यांचं पत्र आठवलं.

"आलं होतं," तो म्हणाला. "मे महिन्यात. जुलैची तारीख होती. मी गेलो न्हाई."

"कामून?"

"तुझ्या कागदावर, तुझ्या मागं, त्याच्या घरात यायचं? माझ्यानं झालं न्हाई, गंगा."

शिवगंगा रडली नाही. उठली, अंगणातल्या नळावर गेली, नळाला पाणी नव्हतं, तशीच परत आली. मला वाटलं आता ही म्हणेल, संपलं. तिला म्हणायचा हक्क होता. ती उभ्यानंच बोलली.

"मी त्यांचं घर सोडलंय. म्हाताऱ्यांच्या देखभालीच्या एका केंद्रात मला काम मिळालंय, तिथल्या एका बाईबरोबर खोली घेतलीय. तुमी आलात तर माझ्या घरी याल, दुसऱ्या कुनाच्या न्हाई. यायचं नसंल तर आत्ता सांगा, मी कागदावरनं नाव काढते. पन मला असं मधी लटकत ठेवू नका. नवरा हाय का न्हाई, हे मला तिथल्या बाया विचारतात, आन मला सांगता येत न्हाई."

सिद्धलिंग माझ्याकडं वळला. म्हणाला, "शेषेराव, तुझ्याकडं कागद हाय का?"

दिल्लीला पत्र तिथंच लिहिलं गेलं, माझ्या पेननं. ते त्यानं स्वतः लिहिलं, इंग्रजीत. मुलाखतीला का आलो नाही, या ओळीवर अडला. आजारी होतो असं लिही, मी सुचवलं. "न्हाई," तो म्हणाला, "एकदा खोटं लिहून झालंय." त्यानं लिहिलं की घरगुती गैरसमजामुळं आलो नाही, चूक माझी आहे. पत्र लिहून झाल्यावर त्यानं ते शिवगंगेच्या हातात दिलं. तिनं वाचलं, एका शब्दाचं स्पेलिंग दुरुस्त केलं. तो बघत होता. मी त्याच्या कपाळाची शीर पाहिली. पण त्यानं पत्र परत घेतलं आणि पाकिटात घातलं.

फाइल बंद झाली होती, ती पुन्हा उघडायला दीड वर्ष लागलं. या काळात त्याची असूया गेली असं समजू नका. कुलवंतच्या लग्नाच्या मागणीचं तो मला आठवड्यातून एकदा तरी विचारायचा: नक्की काय शब्द वापरले असतील, पंजाबीत की हिंदीत. पण आता तो पत्रं लिहायचा, आणि हेच प्रश्न सरळ तिलाच विचारायचा. ती उत्तर द्यायची. एकदा तिनं लिहिलं, 'हिंदीत. आणि चहा पिता पिता. बास.' ते पत्र त्यानं मला वाचून दाखवलं आणि पहिल्यांदाच हसला.

एकोणनव्वदच्या सप्टेंबरात तो गेला. त्या वेळी ना शाल ना श्रीफळ, त्यानंच नको म्हटलं. महिन्याभरानं पत्र आलं. विमानतळावर पाच मिनिटांत सोडलं. बाहेर शिवगंगा होती, आणि गाडी घेऊन कुलवंत, कारण तिच्याकडं गाडी नव्हती. 'गाडी त्यानंच चालवली,' सिद्धलिंगनं लिहिलं होतं. 'गंगा पुढं बसाय लागली, मी तिला मागं माझ्याजवळ बसवलं. तो आरशात बघून हसला. माणूस वाईट नाही. मला आवडत नाही, पण वाईट नाही.'

तिकडं त्यानं चार वर्षं गाड्या लावायच्या जागेवर पावत्या फाडल्या. थंडीनं त्याची बोटं आखडायची. बायको जास्त कमावते हे त्याला फार जड गेलं, तेही त्यानं लपवलं नाही. मग रात्रशाळेत कॉम्प्युटरवर नकाशे काढायला शिकला आणि एका छोट्या शहराच्या पाणीपुरवठ्याच्या कचेरीत लागला. जमिनीखालून नळ कुठून गेलेत, त्याचे नकाशे. चाळिशीत त्यांना एक मुलगी झाली. पार्वती नाव ठेवलं, त्याच्या आईचं.

दोन हजार चारला ती दोघं लातूरला माझ्याकडं आली. जळकोट आता तालुका झालं होतं, ते बघून आला आणि म्हणाला, नवा नकाशा कुणी काढला, शीव वाकडी आहे. केस सगळे पांढरे, विभूती तशीच. जेवायला बसलो होतो तेवढ्यात फोन वाजला. शिवगंगेसाठी होता, कॅनडातून आलेला. ती पलीकडच्या खोलीत बोलत होती, हसत होती. सिद्धलिंगचा हात ताटात थांबला.

"अजून आहे का ते?" मी हळूच विचारलं.

"हाय की," तो म्हणाला. "जात न्हाई ते. पन आता विचारून टाकतो."

ती परत येऊन बसली. त्यानं विचारलं, "कुनाचा फोन?"

"केंद्रातल्या एका म्हाताऱ्याचा. नव्वदीला आलाय. नवी बाई जेवू घालती ती त्याला आवडत न्हाई म्हनं."

"मग काय म्हनतो?"

"लवकर ये म्हनतो."

सिद्धलिंगनं भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला, आणि खाता खाता म्हणाला, "त्याला सांग, नवरा बी संगं येऊन राहिला म्हनून."